वसईचे भग्न चिरे आणि जिवंत धोंडे

१. यरुशलेमातील मंदिराचे प्रचंड चिरे पाहून एक शिष्य थक्क झाला. परंतु हे सारे वैभव एक दिवस कोसळेल, असे प्रभूने त्याला सांगितले. (मार्क १३:१, २) ऐतिहासिक स्थळे पाहावयास जाताना ख्रिस्ती मनुष्याने हे संभाषण आठवावे. पश्चिम किनाऱ्यावरील वसईत त्याचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो.

तटाच्या आत

२. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे येथे तटबंदीचे समृद्ध बंदर-शहर उभे राहिले. आज त्यात शिरणाऱ्यास सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा दिसतो. फ्रान्सिस्कन, जेझुइट व डोमिनिकन संघांच्या चर्चच्या भिंती उभ्या आहेत, पण कमानींवर छत नाही. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत कोरीव थडगी आहेत. ज्यांची नावे टिकावीत म्हणून ती कोरली, त्यांना आज कोण ओळखतो?

३. मे १७३९ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेपुढे वसई शरण आली. चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेण्यात आल्या. त्यांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. याचे दुःख मानण्यापूर्वी आपण स्वतःस विचारावे: उपासनास्थळ तोफांच्या आश्रयाने उभे राहिले, तर तट पडताना ते वेगळे कसे राहील?

जे पडले नाही

४. याच वसईत सोळाव्या शतकात गोन्सालो गार्सिया जन्मला. पिता पोर्तुगीज, माता भारतीय. जपानात व्यापार केल्यावर तो फ्रान्सिस्कन बंधू झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना वधस्तंभावर मारण्यात आले, त्यांत तो होता. १८६२ मध्ये कॅथोलिक मंडळीने त्याला संत घोषित केले. त्याच्या साक्षीला कोणत्याही तटाचे संरक्षण नव्हते. तरीही ती टिकली.

५. तसेच, सत्ता गेली तरी वसईच्या वाड्यांतून ख्रिस्ती कुटुंबे राहिली. त्यांनी शेती केली, बोली जपली, मुलांना प्रार्थना शिकविली. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. याच भूमीतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत सिद्ध केले आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

आपल्यासाठी बोध

६. इफिस हेही एके काळी नामांकित बंदर होते. गाळ साचून समुद्र दूर गेला व शहर ओस पडले. पण तेथील मंडळीला इशारा मिळाला होता तो गाळाविषयी नव्हे, तर सोडून दिलेल्या पहिल्या प्रीतीविषयी. (प्रकटीकरण २:४, ५) मंडळीचा ऱ्हास भिंतींपासून नव्हे, अंतःकरणापासून सुरू होतो.

७. म्हणून वसईला जरूर जावे. भिंतींवर नावे कोरू नयेत, कारण तो सर्वांचा वारसा आहे. किल्ला पाहून झाल्यावर जवळच्या एखाद्या चर्चमध्ये उपासनेस बसावे. पेत्र ज्यांना जिवंत धोंडे म्हणतो, ते तेथे भेटतील. (१ पेत्र २:५)

मननासाठी प्रश्न

• वसईतील घंटांचा इतिहास आपल्याला सत्तेच्या आश्रयाविषयी काय शिकवितो? (परिच्छेद ३)
• गोन्सालो गार्सियाची साक्ष व वाड्यांतील कुटुंबांचा विश्वास यांत कोणते साम्य आहे? (परिच्छेद ४, ५)
• आपली मंडळी इमारतीसाठी अधिक झटते, की माणसांसाठी? (परिच्छेद ६, ७)