आमच्या धुऱ्यावरची रुई

रुईचे झाड आपण रोज पाहतो. पण नीट पाहतो का? मीसुद्धा पाहत नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे एक गोष्ट घडली. तेव्हापासून मी पाहू लागले.

आईबाबा वावरात कापूस वेचत होते. माझा लहाना भाऊ पाच वर्षांचा आहे. त्याने धुऱ्यावरच्या रुईचे पान तोडले. पांढरा चीक निघाला. तोच हात त्याने डोळ्याला लावला. दुखले नाही, म्हणून तो बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, मले धुरकट दिसते." मी लय घाबरले. आईने पुष्कळ वेळ पाण्याने डोळा धुतला. मग बाबांनी त्याला दिग्रसला दवाखान्यात नेले. डॉक्टर म्हणाले, "चिकाने बुबुळावरच्या पडद्याला सूज येते. दुखत नाही म्हणून घरी बसायचे नसते." औषध घातल्यावर आठ दिवसांनी डोळा बरा झाला.

बाबा म्हणाले, "आता सारी रुई खणून टाकतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. कुदळ मारण्याआधी मी एक पान खालून पाहिले. तिथे अळ्या होत्या! अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि सहा काळी शिंगे. मी म्हटले, "बाबा, थांबा नं जी. गुरुजींना विचारू द्या." बाबा थांबले.

गुरुजींनी वर्गात रुईचा पाठच घेतला. तो असा :

रुई हे आपल्या देशातलेच झुडूप आहे. ते माणसाहून उंच वाढते. पाने जाड असून समोरासमोर जोडीने येतात. त्यांच्यावर पांढरी भुकटी असते. तिच्यामुळे पानातले पाणी लवकर उडून जात नाही. मूळ खोल जाते. म्हणून उन्हाळ्यात सगळे वाळले तरी रुई हिरवी राहते. तिला भरपूर ऊन लागते. दाट झाडीच्या सावलीत ती वाढत नाही. धुरा, पडीत जमीन, नाल्याचा काठ, रस्त्याची कड, उकिरडा ही तिची घरे. फूल जांभळट किंवा पांढरे असते. त्याला पाच पाकळ्या आणि मध्ये मुकुट असतो. मोठे काळे भुंगे फुलावर येतात. पांढऱ्या फुलाच्या झाडाला मांदार म्हणतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. फळ वाळले की फुटते आणि रेशमासारखे केस असलेले बी वाऱ्यावर उडते. तीच आपली 'म्हातारी'!

त्या अळ्या बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या होत्या. त्याची मादी रुईच्या पानावर अंडी घालते. ज्या चिकाने माझ्या भावाचा डोळा सुजला, तोच चीक अळी पानासोबत खाते. त्यातले विष तिच्या अंगात राहते. पुढे फुलपाखरूही कडू लागते, म्हणून पक्षी सहसा त्याला खात नाहीत. दुसऱ्या एका जातीच्या फुलपाखराची मादी तर त्याच्यासारखेच रूप घेते. ती कडू नसते, पण पक्षी फसतात.

गुरुजींनी हाताला पिशवी बांधून एक अळी पानासकट बरणीत ठेवली. रोज ताजे पान दिले. पुढे तिचा हिरवा कोष झाला. त्यावर सोनेरी ठिपके होते. नवव्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यातून नारिंगी फुलपाखरू निघाले. पंखांची टोके काळी आणि त्यांवर पांढरे पट्टे. पंख वाळल्यावर ते खिडकीतून उडाले. माझा भाऊही पाहायला आला होता. तो टाळ्या वाजवू लागला.

मी घरी सगळे सांगितले. बाबांनी झोपडीजवळची रुई खणली, कारण तिथे भाऊ खेळतो. पलीकडच्या धुऱ्यावरची तीन झाडे ठेवली. म्हणाले, "असू दे. तिकडे कोणी जात नाही."

लक्षात ठेवा :
१) रुईचे पान तोडू नका. चीक लागला तर डोळ्याला हात लावू नका, हात साबणाने धुवा.
२) चीक डोळ्यात गेला तर लगेच खूप पाण्याने धुवा आणि मोठ्यांना सांगा. दुखले नाही तरी दवाखान्यात जा.
३) लहान मुले खेळतात तिथे रुई नको. पण पडीत जागेवरची रुई राहू द्या.

पालकांनो, तुमच्या धुऱ्यावर रुई असेल तर खणण्याआधी एकदा पान उलटून पाहा.