पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड आणि मुलांचे दात

खेड्यातील मुलांच्या दातांना दोन निरनिराळे विकार होतात. एक दात किडणे व दुसरा दातांवर डाग पडणे. दोन्हींचा संबंध फ्लोराइड या क्षाराशी आहे. मात्र पहिल्यात ते उपकारक, तर दुसऱ्यात अपायकारक ठरते. म्हणून उपाय योजण्यापूर्वी विकार ओळखणे आवश्यक आहे.

दात का किडतात?

गूळ, साखर, बिस्किटे इत्यादींचे कण दातांवर राहिले म्हणजे तोंडातील जंतू त्यांपासून आम्ल तयार करतात. या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजते व खड्डा पडतो. कीड बहुधा दाढांच्या खाचांत व दोन दातांच्या फटीत लागते. अल्प प्रमाणातील फ्लोराइड या झिजेस प्रतिबंध करते. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ साली नळाच्या पाण्यात दर लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड राखण्यास प्रारंभ झाला व पुढे तेथील मुलांमधील कीड पुष्कळ घटल्याचे आढळले.

अतिरेकाचे परिणाम

परंतु फ्लोराइड जितके अधिक तितके दात बळकट, हा समज चुकीचा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा उद्भव नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी बालपणी नित्य प्याल्यास कायमचे दात पांढरट, पिवळे वा तपकिरी पट्टे घेऊनच उगवतात. हे पट्टे दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच असतात. राख वा विटेची पूड घासून ते जात नाहीत. उलट कवच झिजते. प्रमाण फार वाढल्यास पुढे हाडे व सांधे आखडतात. भारतात हा रोग १९३७ साली नेल्लोर भागात प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत तो आढळतो.

ग्रॅनाइटसारख्या खडकांतून झिरपणारे पाणी फ्लोराइड विरघळवून घेते. त्यामुळे खोल विंधन विहिरीत त्याचे प्रमाण अधिक असू शकते. असे पाणी दिसावयास निर्मळ व चवीस गोड असते. तपासणीवाचून दोष कळत नाही.

काय करावे?

१. पंप काही मिनिटे चालवून, त्याच पाण्याने विसळलेल्या प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा. तीवर गाव, उद्भव व तारीख लिहून ती प्रयोगशाळेकडे पाठवावी. प्रत्येक उद्भवाची तपासणी स्वतंत्र करावी.

२. प्रमाण अधिक आढळल्यास तेथे तसा फलक लावावा. ते पाणी धुण्याभांड्यास वापरावे. पिण्यास व स्वयंपाकास सुरक्षित उथळ विहिरीचे, नळाचे वा साठविलेले पावसाचे पाणी घ्यावे. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच. तुरटी व चुन्याने ते काढता येते, परंतु मात्रा पाण्याच्या तपासणीवरून जाणकाराने ठरवावी.

३. मुलांना दूध, नाचणी व शेवग्याचा पाला द्यावा. कोरा चहा देऊ नये.

४. सकाळी व रात्री निजण्यापूर्वी दात घासावेत. पाण्यात फ्लोराइड कमी असेल तेथे फ्लोराइडयुक्त पेस्ट उपयुक्त आहे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ती गिळू देऊ नये. मिश्रीत तंबाखू असल्याने ती मुलांच्या हाती देऊ नये.

कायमच्या बहुतेक दातांचे कवच वयाच्या आठव्या वर्षापर्यंत घडते. त्यानंतर पाणी बदलल्यास हाडांचे रक्षण होते, परंतु पडलेले डाग जात नाहीत. म्हणून ज्या गावी अंगणवाडीतील मुले खोल विंधन विहिरीचे पाणी पितात, तेथील कार्यकर्त्यांनी पाण्याची तपासणी याच हंगामात करून घ्यावी.