कार्यालयातील धूळ : झाडणे आणि पुसणे

सकाळी साडेनऊच्या सुमारास तालुक्याच्या बहुतेक शासकीय कार्यालयांत एकच दृश्य दिसते. शिपाई कुलूप काढतो, खिडक्या उघडतो आणि केरसुणी हाती घेतो. पावणेदहाला कर्मचारी आपापल्या जागी येतात तेव्हा फरशी स्वच्छ झालेली असते. परंतु खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत असंख्य कण तरंगताना दिसतात. थोड्याच वेळात कोणाला शिंका येऊ लागतात, कोणाचे डोळे चुरचुरतात, तर दम्याचा विकार असलेल्यास औषधाचा पंप हाती घ्यावा लागतो. फरशीवरची धूळ नाहीशी झालेली नसते. तिने केवळ जागा बदललेली असते.

धूळ खाली बसते केव्हा?

कोरड्या केरसुणीने जड केर गोळा होतो, बारीक धूळ मात्र उधळली जाते. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढा कण अगदी स्थिर हवेत दीड मीटर उंचीवरून खाली यावयास सुमारे आठ मिनिटे घेतो. एक मायक्रॉनच्या कणास त्याच अंतरासाठी सुमारे बारा तास लागतात. पंखा चालू असल्यास हा काळ आणखी वाढतो. मोठे कण नाकातच अडतात. अतिसूक्ष्म कण मात्र फुप्फुसाच्या खोलवर पोहोचतात. कार्यालय भरण्यापूर्वी पंधरा मिनिटे केलेली कोरडी झाडलोट त्रासदायक का ठरते, हे यावरून ध्यानी येईल.

धुळीत असते काय?

कार्यालयातील धूळ म्हणजे केवळ माती नव्हे. तीत कागदाचा व कापडाचा भुगा, बुरशीचे बीजाणू, झुरळांची विष्ठा व अंगाचे सूक्ष्म अवशेष, तसेच माणसाच्या त्वचेचे सुटलेले कण असतात. या त्वचाकणांवर धूळमाइट नावाचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या भागाएवढे जीव जगतात. घरातील धुळीच्या अ‍ॅलर्जीचे एक प्रमुख कारण हे जीव होत, असे नेदरलँड्समधील लायडेन येथील संशोधकांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. अ‍ॅलर्जी म्हणजे ज्यास आपल्याकडे 'वावडे' म्हणतात ते. धूळमाइटच्या विष्ठेचे वावडे असणाऱ्यास शिंका, सर्दी व दमा जडतो. हे जीव दमट हवेत फोफावतात, म्हणून पावसाळ्यात खुर्च्यांच्या गाद्या, पडदे व सतरंज्या यांकडे विशेष लक्ष पुरविणे अगत्याचे असते.

दप्तराचा भार

धुळीचे सर्वांत मोठे आश्रयस्थान म्हणजे दप्तर. जो गठ्ठा वर्षानुवर्षे हलत नाही, त्याखालची मांडणी पुसली जात नाही. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तत्कालीन अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची पुनर्रचना केली. पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून ती राज्यभर परिचित झाली. अभिलेखांची सुव्यवस्थित मांडणी हा तिचा एक महत्त्वाचा भाग होता. सहा गठ्ठा पद्धतीतही अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे कागद व नष्ट करावयाचे कागद वेगळे काढले जातात. हे काम केवळ प्रशासकीय शिस्तीचे आहे असे समजले जाते. वस्तुतः ते आरोग्याचेही आहे. मुदत संपलेला गठ्ठा नियमानुसार निघून गेला, की धुळीची एक जागा कमी होते.

स्वच्छतेची योग्य रीत

१. शक्य तेथे सफाई सायंकाळी, कार्यालय सुटल्यानंतर करावी. ते न जमल्यास सकाळी कोरडे झाडणे टाळून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

२. सफाई वरून खाली करावी : प्रथम पंखे व मांडण्या, नंतर टेबले आणि शेवटी फरशी. पंखे बंद व खिडक्या उघड्या असाव्यात.

३. फडके ओले करून घट्ट पिळून घ्यावे व वरचेवर धुवावे. अभिलेखांना मात्र पाणी लागू देऊ नये. गठ्ठे व्हरांड्यात आणून कोरड्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावेत, आपटू नयेत.

४. झरोक्यातील कबुतरांची विष्ठा कोरडी खरवडू नये. पाणी शिंपडून भिजवावी व मगच काढावी. झरोक्यास जाळी बसवावी.

५. डबा खाण्याची जागा एकच ठेवावी व ती रोज पुसावी. खरकटे नसल्यास झुरळे कमी होतात.

६. भिंतीची ओल व छताची गळती आधी दुरुस्त करावी. ओल कायम असेपर्यंत बुरशी पुसून उपयोग नाही.

फिनेलचा उग्र वास म्हणजे स्वच्छता, हा समजही सोडावयास हवा. अशा वासाने दम्याच्या रुग्णास त्रासच होतो. शाळांतून फळा ओल्या फडक्याने पुसावा व डस्टर वर्गाबाहेर झटकावे. वर्ग झाडण्याचे काम दमा असलेल्या मुलाकडे देऊ नये आणि मुले वर्गात असताना झाडू नये.

झाडणाऱ्याचा श्वास

रोग्यास त्याचा व्यवसाय काय आहे हे वैद्याने विचारावे, असा आग्रह इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात धरला होता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाच्या जागेतील केर दररोज काढण्याचे व फरशी आठवड्यातून किमान एकदा धुण्याचे बंधन घातले. कार्यालये त्याच्या कक्षेत नव्हती. तथापि धूळ हा भेद जाणत नाही.

कार्यालयात सर्वांत अधिक धूळ ज्याच्या नाकातोंडात जाते तो साहेब नव्हे वा लिपिकही नव्हे. तो झाडणारा शिपाई, अभिलेखपाल किंवा ग्रामपंचायतीची सफाई कामगार भगिनी होय. तोंडाला रुमाल बांधल्याने सूक्ष्म कण अडत नाहीत. दप्तर हलविताना एन-९५ मुखपट्टी द्यावयास हवी. दोन बादल्या, पोछा, चार फडकी आणि मुखपट्ट्या यांचा खर्च सादिलवार खर्चातून सहज भागण्यासारखा आहे. कार्यालयप्रमुखांनी, मुख्याध्यापकांनी व सरपंचांनी एकदा सकाळी साडेनऊला स्वतः उपस्थित राहून सफाई कशी होते ते पाहावे. काय बदलावयास हवे, हे त्या पंधरा मिनिटांत कळून येईल.