फुटाण्याचं शेवटचं बिल

फुटाणा, आमचा हॅमस्टर, ४५० रुपयांना आणला होता. पिंजरा, पळायचं चाक, पाण्याची बाटली आणि भुसा मिळून वर २,२०० गेले. दोन वर्षांनी त्याच्या पोटाखाली बोराएवढी गाठ हाताला लागली. पहिल्याच फेरीत तपासणीचे ७०० रुपये झाले आणि डॉक्टर हातमोजे काढता काढता म्हणाले, "मॅडम, एवढ्यात नवीन आला असता की."

मनाने वाईट नसावेत, पण हिशेबात कच्चे होते. साडेचारशेच्या प्राण्यावर किती खर्च करावा, हा प्रश्नच मुळात उपयोगाचा नाही. या पैशांत त्याला बिनदुखण्याचे किती दिवस मिळतील, हे विचारायचं. हॅमस्टर जगतो दोन ते अडीच वर्षं, फार तर तीन. त्याचा एक महिना म्हणजे आपली जवळपास अडीच वर्षं. अशा हिशेबात २०० रुपयांचं दुखणं थांबवणारं औषध फार स्वस्त ठरतं आणि ६,००० रुपयांची शस्त्रक्रिया बहुतेक वेळा महाग.

खालचे आकडे पुण्यातल्या माझ्या पावत्यांवरून आणि काही दवाखान्यांना फोन करून काढलेले आहेत. तुमच्या गावात कमीजास्त असतील. फोनवर विचारायला लाजू नका. किराणा आणताना लाजत नाही आपण.

आधी खात्री

"आता याचं काही खरं नाही" असं वाटायला लावणाऱ्या काही गोष्टी प्रत्यक्षात किरकोळ निघतात. पहिली म्हणजे दात. हॅमस्टरचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते वाकडे वाढले की त्याला दाणा फोडता येत नाही आणि बिचारा भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो. दात कापून घ्यायला २०० ते ५०० रुपये लागतात आणि काम पाच मिनिटांचं. दुसरी म्हणजे गालाची पिशवी. तिच्यात खाऊ अडकला की एक गाल गाठ आल्यासारखा सुजतो. डॉक्टर ती रिकामी करून धुऊन देतात. घरी चिमट्याने खेळ करू नका.

मादी पाळली असेल तर आणखी एक. दर चार दिवसांनी तिच्या अंगावरून पांढरट, चिकट, उग्र वासाचा स्राव जातो. तो नैसर्गिक आहे. मात्र तो थांबतच नसेल, त्यात रक्त असेल, पोट फुगलं असेल आणि ती मलूल पडली असेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तेव्हा उद्यावर टाकू नका.

आणि थंडी. निफाडकडचा जानेवारी असो वा पुण्यातल्या फ्लॅटमधला रात्रभर चाललेला एसी, गारठ्यात हॅमस्टर निपचित पडतो. अंग गार, श्वास इतका मंद की दिसतही नाही. असा जिवंत प्राणी पुरला गेल्याचे किस्से पाळणाऱ्यांमध्ये फिरतात आणि मला ते अशक्य वाटत नाहीत. तळहातात धरा, खोली हळूहळू उबदार करा, मिशा हलतात का ते तासभर पाहा. गरम पाण्याची पिशवी थेट अंगाला लावू नका. शुद्धीवर आला की डॉक्टरांना दाखवाच.

पैसे कुठे घालायचे

सगळ्यात आधी ३०० ते ५०० रुपयांचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. हॅमस्टर हा शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं की संपला, हे त्याच्या हाडीमाशी असतं. तो कण्हत नाही, कुशीत येऊन तक्रार करत नाही. पण वजन लपवता येत नाही त्याला. मोठा सोनेरी, म्हणजे सीरियन हॅमस्टर साधारण १०० ते १५० ग्रॅमचा असतो, बुटके ३० ते ५० ग्रॅमचे. दर रविवारी वाटीत बसवून वजन लिहून ठेवा. दहावा भाग घटला की दवाखाना गाठायचा. फुटाणा १३८ वरून सहा आठवड्यांत ११९ वर आला होता आणि आम्ही म्हणत होतो, "उन्हाळ्यामुळे जरा कमी खातोय."

दुसरा खर्च योग्य डॉक्टरांचा. बहुतेक दवाखान्यांत कुत्री-मांजरं येतात. ससे, पोपट, हॅमस्टर बघणाऱ्याला शहरात ‘एक्झॉटिक व्हेट’ म्हणतात. तपासणी ५०० ते १,५०० रुपये. साध्या दवाखान्यापेक्षा जास्त, पण तिथे दोन फेऱ्या वाचतात. मुंबईत परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकरबाई पेटिट पशुरुग्णालयात, खासगीपेक्षा कमी खर्चात काम होतं. शिरवळ आणि नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत, आणि सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांत केसपेपर किरकोळ पैशांत निघतो. तिथे गाई, शेळ्या, कुत्री रोजची, त्यामुळे निघण्यापूर्वी हॅमस्टर पाहणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात ते विचारा. रिक्षाचे २०० आणि प्राण्याचे हाल दोन्ही वाचतात.

एक्स-रे ५०० ते १,२०० रुपये. तो काढण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा: यात काही निघालं तर उपचार बदलणार आहे का? उत्तर "नाही" असेल तर पैसे औषधासाठी ठेवा. गाठ काढण्याची शस्त्रक्रिया ३,००० ते ८,०००. सव्वाशे ग्रॅमच्या प्राण्यात एकूण रक्त दहा मिलीच्या आसपास असतं, म्हणजे दोन चमचे. भूल, रक्तस्राव आणि अंगाची ऊब टिकवणं, तिन्ही बाजूंनी जोखीम. वर्षाच्या आतबाहेरचा, खातापिता, कातडीखाली सुटी गाठ असलेला प्राणी असेल तर मी करून घेईन. दोन वर्षांच्या पुढच्यासाठी नाही. आम्ही केली नाही, आणि तो निर्णय मला आजही बोचत नाही.

आम्ही घेतलं ते दुखणं कमी करणारं औषध. मेलॉक्सिकॅमसारखं पातळ औषध डॉक्टर वजनावरून थेंबांत ठरवून देतात. महिन्याला २०० ते ४०० रुपये. बारीक सिरिंज क्लिनिकमधूनच मागून घ्या आणि पहिला डोस त्यांच्यासमोर द्या, कारण इथे एका थेंबाची चूक मोठी असते. फुटाण्याला यावर सात आठवडे मिळाले. त्यातले पाच खरोखर चांगले होते.

एक इशारा ठळक अक्षरांत छापावा असा. घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, तसंच क्लिंडामायसिन, हॅमस्टरच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात. मग विषारी जंतू माजतात आणि काही दिवसांत प्राणी जुलाबाने जातो. मुलांना चालणारं गुलाबी सिरप त्याला चालेलच असं नाही. हॅमस्टरची सवय नसलेल्या डॉक्टरांनी यातलं काही लिहून दिलं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

कधी

त्याला कधी जाऊ द्यायचं, याला तारीख नसते, पण खुणा असतात. अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी शेवटच्या दिवसांतल्या कुत्र्या-मांजरांसाठी मोजपट्टी केली आहे: दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. हॅमस्टरसाठी मी ती घरगुती करून घेतली. तो धडधाकट असताना त्याच्या तीन ठरलेल्या गोष्टी कागदावर लिहा. फुटाण्याच्या होत्या: रात्री साडेनऊला बाहेर येणं, सूर्यफुलाच्या बिया गालात कोंबून कोपऱ्यात साठवणं आणि कागदाचे कपटे ओढून घरटं करणं. कॅलेंडरवर रोज, किती गोष्टी केल्या, तो आकडा. तीनाचे दोन झाले तेव्हा औषध सुरू झालं होतं. दोनाचा एक झाला. मग सलग तीन दिवस शून्य.

शून्यासोबत हेही पाहा: पाठ कुबडासारखी, डोळे अर्धवट मिटलेले, केस विस्कटलेले (स्वच्छतेचा एवढा सोस असलेला प्राणी अंग चाटणं सोडतो तेव्हा समजून घ्यावं), मागचा भाग ओला, श्वासासोबत टकटक आवाज, गाठ फुटून जखम. यातलं काही आणि खाणं बंद, असं असेल तर आठवडा वाट पाहू नका. चमच्याने भरवून दोन दिवस वाढवता येतात. आम्ही वाढवले. ते दोन दिवस त्याच्यापेक्षा आमच्यासाठी होते, आणि तेवढे परत मिळाले तर मी घेणार नाही.

"आपोआप झोपेत जाईल" ही आशा सगळ्यांना असते. काही जातातही. पण बरेचसे भुकेने आणि तहानेने जातात, त्याला वेळ लागतो, आणि ते शांत नसतं.

तो दिवस

दवाखान्यात दयामरणाला ‘झोपवणं’ म्हणतात. हॅमस्टरसाठी १,००० ते ३,००० रुपये सांगितले जातात. इंजेक्शनच्या आधी वायूची भूल देणारे जास्त घेतात. तो जास्तीचा पैसा द्यावाच. चांगली पद्धत अशी: छोट्या पेटीत आयसोफ्लुरेन वायूने तो आधी पूर्ण बेशुद्ध होतो आणि नंतरच शेवटचं इंजेक्शन. शुद्धीत असताना छातीत सुई टोचणार असतील तर दुसरा दवाखाना शोधा. फोनवर तीन गोष्टी विचारायच्या: आधी भूल देता का, आम्ही थांबू शकतो का, एकूण किती. काही डॉक्टर स्वतःच्या तत्त्वामुळे हे करत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, दुसरं नाव मागा.

हे पैसे वेगळे काढून ठेवा, अगदी निदानाच्याही आधी. पाकिटात २,००० ठेवलेले असले की निर्णय पगाराच्या तारखेपर्यंत लांबत नाही. घरगुती उपाय, म्हणजे फ्रीजर, पाण्याची बादली, कुणीतरी सुचवलेलं क्लोरोफॉर्म, हे क्रूर आहेत. प्राण्याला विनाकारण क्रूर पद्धतीने मारणं १९६० च्या प्राणी छळ प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

वेळ संध्याकाळची मागा. तो निशाचर, भर दुपारी त्याची झोपमोड कशाला. नेताना नवा स्वच्छ डबा घेऊ नका. झाकणाला भोकं असलेल्या डब्यात त्याच्याच घरट्यातला, त्याच्या वासाचा भुसा घाला. आमची नऊ वर्षांची मुलगी आली होती. येऊ नको म्हणत होते सगळे. ती डब्यावर हात ठेवून रिक्षात गप्प बसली आणि दवाखान्यात तिनेच विचारलं, "काका, सुई मोठी आहे का?" डॉक्टरांनी तिला पेटी दाखवली, नळी दाखवली, वायू कुठून येतो ते सांगितलं. त्या दिवशीच्या १,६०० रुपयांत हेही धरलेलं होतं, असं मी मानते.

नंतर

पुरायचं तर दोन फूट खोल खणा आणि वर जड फरशी ठेवा. शेवटचं औषध शरीरात राहतं. उकरून खाणाऱ्या कुत्र्याला किंवा कावळ्याला ते बाधतं. म्हणून गॅलरीतल्या कुंडीचा मोह टाळा. सोसायटीच्या बागेत पुरायचं तर माळीदादांना आणि सेक्रेटरींना आधी सांगा, पावसाळ्यानंतर मातीकाम निघतंच. जागा नसेल तर क्लिनिक विल्हेवाट लावतं, ३०० ते ५०० रुपये. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठीची दाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली आहे.

उरलेलं औषध क्लिनिकला परत द्या, कपाटात ठेवू नका. पिंजरा दुसऱ्याला द्यायचा असेल तर साबणाने घासून उन्हात दोन दिवस वाळवा, लाकडी चाक मात्र टाकून द्या, त्यात मूत मुरलेलं असतं. आमचा पिंजरा अजून माळ्यावर आहे. मुलगी विचारते कधी कधी. मी म्हणते, दिवाळीनंतर बघू.