जिन्याच्या तोंडाशी

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधलं आमचं भाड्याचं घर दोन मजली. जिना आतूनच, पायऱ्या ग्रॅनाइटच्या. त्यावर पाण्याचे चार थेंब सांडले तरी पाय सरकतो. धाकटी रांगायला लागली तेव्हा सेफ्टी गेट घ्यायचं ठरवलं. त्या खटपटीतून हाती लागलेलं इथे लिहिते.

१. गेट दोन तऱ्हांची. एक दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचं, दुसरं स्क्रूने भिंतीत पक्कं करायचं. दाबाचं खोलीच्या दारात चालतं. जिन्याच्या वरच्या तोंडाशी मात्र स्क्रूचंच हवं, तिथे तडजोड नको. दाबाचं गेट मुलाच्या रेट्याने हळूहळू ढिलं होतं. त्याच्या तळाची आडवी पट्टीही कायम पायात येते. कडेवर बाळ घेतलेलं मोठं माणूस त्या पट्टीला अडखळलं, तर दोघंही खाली जातात. आणि वरचं गेट मजल्याकडेच उघडायला हवं, पायऱ्यांकडे कधीही नको.

२. माप तळाशी आणि वर, दोन्हीकडे घ्यावं. आमच्याकडे भिंतीच्या पायथ्याला ग्रॅनाइटची पट्टी आहे, भिंतीपेक्षा जरा पुढे आलेली. त्यामुळे गेटचा पाय भिंतीला टेकेना. सुताराने पट्टीच्या वर, तिच्याच जाडीची उभी फळी भिंतीला ठोकली आणि गेट त्या फळीवर बसवलं. पलीकडे रेलिंगचा गोल स्टीलचा खांब होता, त्याला क्लॅम्प लावावे लागले.

३. घरमालकांना आधी विचारावं. घर सोडताना रंगकामाचे पैसे अॅडव्हान्समधून, म्हणजे डिपॉझिटमधून, कापायची इथे पद्धत आहे, भोकांवरून नंतर वाद नको. आमच्या मालकीणबाई लगेच हो म्हणाल्या. त्यांनाही नातवंडं आहेत.

४. नातेवाइकांकडून आलेलं जुनं, घडीचं, लाकडी पट्ट्यांचं गेट वापरू नये. त्याच्या वरच्या कडेच्या खाचांत आणि चौकटींत मुलांची डोकी अडकून जीव गेले आहेत. अमेरिकेत १९८५ पासून तसली गेट विक्रीला येत नाहीत. गेट नवं असलं तरी गज उभेच हवेत. आडव्या गजांची शिडी होते. आमच्या रेलिंगला आडवेच पाइप आहेत, म्हणून त्याला आतून घट्ट जाळी बांधून घेतली.

५. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: गेट मुलासाठी असलं तरी ते बंद राहतं मोठ्यांच्या हातांनी. सासूबाईंच्या बोटांना संधिवात, आणि कामाच्या अक्कांच्या एका हातात कायम बादली. दाबून, उचलून, मग ओढायची कडी या दोघींना जमेना, आणि न जमणारं गेट दिवसभर सताड उघडं राहतं. म्हणून गेट घेताना सासूबाईंना दुकानात नेलं. त्यांना एका हाताने उघडता आणि लावता आलं, तेच घेतलं. गेट ओलांडून जायचं नाही, हा नियम घरात सर्वांना. मुलं बघून शिकतात.

६. मूल साधारण दोन वर्षांचं झालं किंवा गेटवर चढू लागलं, की गेट काढून टाकावं. वरून पडणं जास्त वाईट.

७. अंगणातल्या संपला कुठलंच गेट पुरत नाही. बेंगळुरूच्या घरांत ही पाण्याची टाकी जमिनीखाली असते आणि तिचं झाकण बहुधा पार्किंगमध्येच असतं. आमच्या झाकणाला कुलूप आहे, किल्ली उंच खिळ्यावर. टँकर आला की झाकण उघडून पाइप आत सोडतात. तेवढा वेळ घरातलं एक मोठं माणूस तिथे उभं असतं, मोबाइल आत ठेवून. झाकण बसवून, कुलूप लावून मगच ते जागेवरून हलतं.