फ्लशमधून वाहून जाणारा टँकर

आमच्या होस्टेलच्या मागे, सायकल स्टँडच्या पलीकडे, हिरव्या पत्र्याची एक शेड आहे. फर्स्ट इयरला मला ती जनरेटर रूम वाटायची. आत आहे सांडपाणी शुद्ध करण्याचं युनिट, आणि ते बंद असतं. मार्च उजाडला की त्याच शेडवरून टँकर आत येतो. थर्ड इयरला सांडपाण्याचा विषय अभ्यासाला आल्यावर रेक्टर सरांना कारण विचारलं. सर म्हणाले, "परवडत नाही रे." म्हणून एका रविवारी गणितच मांडलं.

आधी पाणी बघू. भारतीय मानकानुसार माणशी रोज 135 लिटर, त्यातले 45 फ्लशचे. 300 मुलं धरली तर 40,500 लिटर लागतात. त्यातलं 80 टक्के, म्हणजे 32,400 लिटर, सांडपाणी होतं. नुसत्या फ्लशला 13,500 लिटर! मित्रांनो, दहा हजार लिटरचा अख्खा टँकर आणि वर साडेतीन हजार लिटर आपण रोज संडासात ओततो.

आता खर्च. दर मी धरलेले आहेत, आपापल्या बिलाप्रमाणे बदलून घ्या. दीड किलोवॅटचा ब्लोअर 16 तास चालला तर 24 युनिट, दहा रुपयांनी 240. ऑपरेटरचा पगार महिना 15,000, म्हणजे रोजचे 500. क्लोरीन, गाळ उपसा, दुरुस्ती मिळून 200. एकूण 940 रुपये. युनिट आणि फ्लशची वेगळी लाईन आधीच बांधलेली आहे. तो पैसा गेला तो गेला, आजच्या निर्णयात तो धरायचा नाही.

हे पाणी फक्त फ्लशला वापरलं तर हजार लिटरला साधारण 70 रुपये पडतात. नळाचं पाणी 20 रुपयांत मिळत असेल तर सरांचं बरोबर. पण टँकर हजार रुपयांना असेल तर तेच पाणी 100 रुपयांना पडतं, म्हणजे रोज 410 रुपये वाचतात. उरलेलं पाणी बागेला आणि ग्राउंडला दिलं तर दर 29 रुपयांवर येतो. थोडक्यात, किती पाणी शुद्ध केलं यापेक्षा किती वापरलं यावर हिशेब फिरतो.

अजून एक गोष्ट दिसली. निम्म्याहून जास्त खर्च ऑपरेटरचा आहे, आणि एक ऑपरेटर तीन होस्टेल सहज सांभाळेल. वीज आणि बाकी खर्च तिप्पट धरला तरी फ्लशच्या पाण्याचा दर 70 वरून 45 वर येतो. मग सगळ्या शहराचं एकच केंद्र का नको? कारण लांबून पाणी आणायचं तर पाइप, खोदाई, चेंबर आणि पंप आले. मोठ्या योजनेत बहुतेक वेळा केंद्रापेक्षा हे जाळंच जास्त पैसा खातं. केंद्र मोठं तितकं लिटरमागे स्वस्त, पाइप लांब तितका महाग. योग्य आकार या दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो.

ब्लोअर टाळायचाही मार्ग आहे. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात 2003 पासून गाळ बसवण्याची टाकी, आडभिंतींच्या बंद टाक्या, वनस्पती लावलेला खडीचा थर आणि तळं अशी रचना आहे. तिथे विजेऐवजी जागा खर्च होते.

बंद शेड फक्त आपलीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार शहरी भारतात रोज 72,368 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. शुद्धीकरणाची क्षमता उभारली होती 31,841 ची, आणि प्रत्यक्षात शुद्ध होत होतं 20,236. म्हणजे बांधलेल्यातलंही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वापरात नव्हतं.

कागद सरांना दाखवला. तेव्हा कळलं की टँकरचं बिल एका खात्यात जातं आणि ऑपरेटरचा पगार दुसऱ्या. दोन्ही एका पानावर कुणी कधी मांडलेच नव्हते. सर म्हणाले, "खरी बिलं घेऊन परत ये." सध्या तेच चाललंय. हिशेबाला हात लावायचा असेल त्यांनी रात्री जेवणानंतर मेसमधे भेटा.