दूरच्या दप्तरातील फाईल वाचणारे साधन व त्याचे माहितीपत्रक

शेतीविषयक सल्ला देण्यापूर्वी जमिनीचा कागद वाचावा लागतो. लागवडीचे क्षेत्र किती, पोटखराबा किती, मागील हंगामात पीक कोणते, हे ठाऊक नसता खताची मात्रा सांगणे धोक्याचे होय. पूर्वी असे कागद तलाठ्याच्या दप्तरातच पाहावयास मिळत. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी धोरण मंजूर केले. तेव्हा कागद वाचण्याचे काम यांत्रिक मदतनिसाकडे सोपविता येईल काय, असा प्रश्न शेतकरी गटांपुढे येणे साहजिक आहे.

साधनाचे कार्य

समजा, शिरूर तालुक्यातील एका गटाने सभासदांचे उतारे व जमीन आरोग्य पत्रिका दूरच्या संगणकावर ठेवल्या आहेत. मदतनिसास त्या आपोआप दिसत नाहीत. त्यास एक वाचनसाधन जोडून द्यावे लागते. मदतनीस फाईलचा पत्ता देतो व साधन तिच्यातील मजकूर आणून देते. हे साधन केव्हा व कसे वापरावे, हे मदतनीस मुख्यतः त्यासोबतच्या माहितीपत्रकावरून ठरवितो. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने साधने जोडण्याची जी खुली पद्धत प्रसिद्ध केली, तीतही प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन व त्यास पुरवावयाच्या माहितीचा तपशील देण्याची सोय आहे. नवा कारकून शंका आल्यास शेजाऱ्यास विचारतो. मदतनीस मात्र पत्रकात नसलेली गोष्ट अंदाजाने भरून काढण्याचा संभव असतो. म्हणून पत्रक काळजीपूर्वक लिहावयास पाहिजे.

पत्रकात काय लिहावे

१. पूर्ण पत्ता : जिल्हा, तालुका, गाव, गट क्रमांक व हिस्सा हा क्रम ठरवून द्यावा. नुसते ‘शिरूर’ पुरत नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार व लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ हे तालुके आहेत. केडगाव जसे दौंड तालुक्यात आहे, तसेच अहिल्यानगर शहरालगतही आहे. पत्ता अपुरा असल्यास मदतनिसाने शेतकऱ्यास विचारावे, असे स्पष्ट लिहावे.

२. मोजमाप : सातबाऱ्यावरील क्षेत्र हेक्टर व आर यांत असते. ०.८० म्हणजे ८० आर, सुमारे दोन एकर. हेक्टरी २५० किलो नत्र धरल्यास या उसाच्या क्षेत्रास २०० किलो नत्र लागेल. हाच आकडा एकराचा समजल्यास मात्रा सुमारे ८१ किलोच निघेल व पीक उपाशी राहील.

३. वाचनाची मर्यादा : मोठी फाईल एका वेळी किती पानांपर्यंत मिळते व पुढील पाने कशी मागावीत, हे सांगावे. अर्धी फाईल वाचून ‘बोजा नाही’ असे उत्तर मिळाल्यास शेतकऱ्याचे नुकसान होते.

४. अपयशाचे प्रकार : ‘फाईल सापडली नाही’, ‘वाचण्याची परवानगी नाही’ आणि ‘फाईल वाचली, परंतु रकाना कोरा आहे’ ही तीन उत्तरे वेगवेगळी ठेवावीत. पिकाचा रकाना कोरा असणे म्हणजे जमीन पडीक असणे नव्हे. पीक पाहणीची नोंद राहून गेली असेल.

५. तारीख : प्रत कोणत्या दिवसाची आहे, हे साधनाने मजकुरासोबत द्यावे. त्यानंतर फेरफार झाला असल्यास जुन्या प्रतीत तो दिसणार नाही.

६. अधिकार : साधन फक्त वाचते, नोंद बदलत नाही. फाईलच्या आत काही हुकूम लिहिलेला आढळला, तरी तो मजकूर समजावा, त्याप्रमाणे वागू नये. सभासदाच्या संमतीवाचून त्याची फाईल उघडू नये.

पत्रकाचा नमुना

“हे साधन गटाच्या दप्तरातील एक फाईल वाचते. जिल्हा, तालुका, गाव, गट व हिस्सा द्यावा. एका वेळी पाच पाने मिळतील. पुढील पानांसाठी पान क्रमांक द्यावा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आहे. फाईल न सापडल्यास तसेच सांगावे, अंदाज करू नये. उत्तरात प्रतीची तारीख द्यावी.”

परीक्षा

पत्रक तयार झाल्यावर ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारून पाहावेत. प्रथम माहीत असलेल्या गटाचे क्षेत्र विचारावे व उताऱ्याशी ताडून पाहावे. नंतर गावाचे नाव देऊन तालुका गाळावा; मदतनिसाने उलट विचारणा केली पाहिजे. शेवटी अस्तित्वात नसलेला गट क्रमांक द्यावा. त्या जमिनीचेही वर्णन मिळाले, तर पत्रक सुधारल्याखेरीज साधन वापरात आणू नये.

कर्ज, विमा अथवा खरेदीखत यांसाठी मदतनिसाच्या उत्तरावर न विसंबता डिजिटल स्वाक्षरीचा उतारा स्वतः काढून वाचावा. बी पेरण्यापूर्वी उगवणशक्ती तपासण्याची रीत आपल्याकडे आहे. या साधनाचीही तशीच पारख करून मगच ते शेतकरी बंधूंच्या हाती द्यावे.